शेनिन ब्लाँ

शेनिन ब्लाँ ही फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यातील पांढऱ्या द्राक्षांची एक प्राचीन जात असून तिच्यापासून तयार होणाऱ्या वाइनलाही हेच नाव आहे. 'ब्लाँ' या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'पांढरा' असा असला, तरी पिकलेले मणी हिरवट-पिवळे आणि वाइन फिकट सोनेरी रंगाची असते. पूर्ण पिकल्यावरही टिकून राहणारी आम्लता हे या द्राक्षाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. महाराष्ट्रात नाशिक आणि सोलापूर जिल्ह्यांत तिची लागवड होते.

== मूळ प्रदेश ==
लोआर ही सुमारे १,००० किलोमीटर लांबीची फ्रान्समधील सर्वांत लांब नदी आहे. तिच्या मधल्या टप्प्यातील आंजू व तुरेन हे प्रांत शेनिनचे माहेर मानले जातात. फ्रेंच लेखक फ्रांस्वा राबले याच्या सोळाव्या शतकातील लेखनात या द्राक्षाचा उल्लेख आढळतो. तुरेनमधील वूव्हरे गावाची वाइन प्रसिद्ध असून तिला १९३६ मध्ये कायदेशीर स्थाननाम मिळाले.

हे द्राक्ष उशिरा पिकते. सगळे घड एकाच वेळी तयार होत नसल्याने काही ठिकाणी तोडणी टप्प्याटप्प्याने केली जाते. लेयों या उपनदीच्या खोऱ्यात शरद ऋतूत सकाळी धुके पडते आणि दुपारी ऊन येते. अशा हवेत मण्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढते; मण्यांतील पाणी उडून जाते व साखर घट्ट होते. त्यापासून गोड वाइन बनते. कोरडी, किंचित गोड, गोड आणि फेसाळ असे चारही प्रकार याच एका द्राक्षापासून होतात. गोडवा कितीही असला, तरी आम्लतेमुळे चव बेचव गुळमट होत नाही.

सतराव्या शतकात हे द्राक्ष दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. तेथे ते 'स्टीन' या नावाने रुजले व आज त्या देशातील लागवड फ्रान्सपेक्षाही अधिक आहे.

== महाराष्ट्रातील लागवड ==
नाशिक येथे राजीव सामंत यांनी स्थापन केलेल्या सुला विनयार्ड्सने २००० मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्ये शेनिन ब्लाँचा समावेश होता. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानंतर वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील अकलूज परिसरात फ्रातेल्ली वाइन्सचे मळे आहेत. इटालियन भाषेत 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. इटलीतील, दिल्लीतील व अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील बंधूंनी मिळून हा उद्योग उभारला.

फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात निद्रिस्त होते. महाराष्ट्रात तशी थंडी नसते. त्यामुळे येथे वर्षातून दोन छाटण्या करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणीने नव्या काड्या तयार होतात आणि पावसाळा ओसरल्यावरच्या फळछाटणीनंतर घड धरतात. लोआर खोऱ्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होणारी तोडणी येथे जानेवारी ते मार्च या काळात होते. उन्हाची तीव्रता वाढली की द्राक्षातील आम्ल झपाट्याने घटते. शेनिनमध्ये ते मुळातच भरपूर असल्याने ही जात येथील उष्ण हवेत तग धरते.

== खाद्यपदार्थांशी मेळ ==
लोआर खोऱ्यात कोरडी शेनिन नदीतील मासे व शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर घेतली जाते. लिंबाची फोड माशावर पिळल्याने जो परिणाम साधतो, तोच येथे वाइनच्या आम्लतेने साधतो. त्यामुळे तळलेला पापलेट किंवा सुरमई यांच्याशीही तिचा मेळ बसतो. मिरचीचा तिखटपणा मद्यार्कामुळे अधिक जाणवतो, तर गोडव्यामुळे सौम्य होतो. म्हणून मसालेदार पदार्थांबरोबर किंचित गोड प्रकार योग्य ठरतो. मात्र सोलापुरी शेंगाचटणीसारख्या झणझणीत, लसूणयुक्त पदार्थापुढे वाइनचा नाजूक गंध हरवतो. वाइन पदार्थापेक्षा गोड असावी, हा सर्वसाधारण नियम आहे. पुरणपोळीबरोबर कोरडी शेनिन केवळ आंबट लागेल. ही वाइन साधारणतः ८ ते १० अंश सेल्सिअस तापमानास देतात.

== उत्पादकांपुढील प्रश्न ==
सोलापूर जिल्हा खाण्याच्या द्राक्षांसाठी पूर्वीपासून ओळखला जातो. नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी विकसित केलेली 'सोनाका' ही बिनबियांची जात याच जिल्ह्यातील आहे. अशा द्राक्षांना भाव मिळाला नाही, तर शेतकरी त्यांचा बेदाणा करू शकतो. शेनिनचे मणी लहान, रसाळ व बियांचे असतात. ते ताज्या फळांच्या बाजारात चालत नाहीत आणि बेदाण्यासही उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे वाइन कारखाना हाच त्यांचा जवळजवळ एकमेव ग्राहक ठरतो.

२००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घटली, तेव्हा या मर्यादेचा फटका महाराष्ट्रातील अनेक बागायतदारांना बसला. माल पडून राहिला आणि काहींनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा काढून टाकल्या. द्राक्षवेल लावल्यापासून पूर्ण उत्पन्न मिळण्यास काही वर्षे लागतात व बाग बदलणे खर्चाचे असते. म्हणून लागवडीपूर्वीच खरेदीचा लेखी करार, दर आणि साखरेच्या प्रमाणाची अट निश्चित करणे या पिकात विशेष महत्त्वाचे मानले जाते.