कात्रीवर तोललेली पाठ

बदलापुरात कुठेतरी इमारतीचा पाया खणणारा जेसीबी घटकाभर थांबला, की त्याच्या केबिनमध्ये डोकावून पाहावं. सीटवर टॉवेल अंथरलेला दिसतो. टॉवेलखाली घरून आणलेली उशी, नाहीतर सोफ्याच्या दुकानातून कापून आणलेला फोमचा तुकडा. कमरेमागे खोचलेलं गुंडाळलेलं पोतं. कंपनीने दिलेली सीट या सगळ्याच्या तळाशी असते, रेक्झिन फाटलेली आणि एका अंगाला कललेली. आपली कंबर वाचवायला ऑपरेटरने एकट्याने केलेली ही सोय आहे. ते थर पाहिले आणि या सीटबद्दल नीट लिहायला हवं असं वाटलं.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्याला ही यंत्रं घरच्यासारखी ओळखीची आहेत. नाला रुंद करायचा, रस्ता काँक्रीटचा करायचा, टॉवर उभारायचा, की ती येतात. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराची आद्याक्षरं. पोकलेन हा शब्द पोक्लँ या फ्रेंच कंपनीच्या नावावरून आला. दोन्ही नावं आपल्या बोलीत इतकी मुरली, की कोणत्याही कंपनीचं यंत्र असलं तरी माणसं तेच म्हणतात. त्यात दिवसाचे आठ-दहा तास बसणारा माणूस कशावर बसतो, याची चर्चा मात्र सहसा होत नाही.

जेसीबीला मोटारीसारखी स्प्रिंग नसते. मागचा ॲक्सल सांगाड्याला घट्ट बोल्ट केलेला असतो. त्यामागे पक्कं कारण आहे: जमीन उकरताना यंत्र स्प्रिंगवर झुलू लागलं तर बकेट हवी तिथे बसणार नाही आणि भरलेल्या वजनाने तोल जाईल. एमआयडीसीच्या गोदामांतल्या फोर्कलिफ्टचीही तीच गोष्ट. तिची चाकं लहान, पुष्कळदा भरीव रबराची. उचललेला माल डोलू नये म्हणून ती मुद्दामच ताठ ठेवलेली असते. मग गोदामाच्या फरशीतली फट असो की काटई-बदलापूर रस्त्यावरचा खड्डा, धक्का टायरमधून सांगाड्यात, सांगाड्यातून सीटमध्ये आणि सीटमधून माकडहाडात जातो. मध्ये अडवणारं एकच काय ते असतं, ती सीट. अशा यंत्रात सीट म्हणजेच गाडीचं सगळं सस्पेन्शन.

मग जाड मऊ गादी टाकली की झालं, असं कोणालाही वाटेल. इथेच फसगत होते.

स्प्रिंगवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक झुलण्याचा वेग असतो. तो ओळखायचा सोपा नियम असा, की वजन ठेवल्यावर स्प्रिंग जितकी जास्त दबते तितकी ती सावकाश झुलते. फोमची गादी माणसाच्या भाराने दीडएक सेंटीमीटर दबली, तर ती सेकंदाला चारेक वेळा झुलते, म्हणजे चार हर्ट्झ. आणि बसलेल्या माणसाचं धड, त्यातला मणका आणि पोटातले अवयव, उभ्या दिशेच्या हादऱ्याला साधारण चार ते आठ हर्ट्झच्या दरम्यानच सर्वांत जास्त साथ देतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावला की तो उंच जातो, तसंच. खालून येणारा हादरा त्या वेगाचा असला तर नुसती फोमची गादी तो वाढवून पाठीला देते. ऑपरेटरने घरून आणलेली उशी बुडाला मऊ लागते. मणक्याचं नुकसान मात्र तिने थांबत नाही, कधी वाढतंसुद्धा.

कोणतीही स्प्रिंग धक्का अडवायला लागते ती स्वतःच्या वेगाच्या सुमारे १.४ पटीच्या पुढे. तिथपर्यंत ती धक्का नुसती पुढे ढकलते, किंवा फुगवते. चार हर्ट्झची गादी म्हणूनच साडेपाच हर्ट्झच्या वरचीच थरथर गिळू शकते. टायरवर उसळणाऱ्या यंत्राचा धक्का असतो दोन-तीन हर्ट्झचा. तो अडवायचा तर सीटने दीड हर्ट्झच्या आसपास झुलायला हवं, आणि त्यासाठी स्प्रिंग अकरा सेंटीमीटर दबायला हवी. अकरा सेंटीमीटर जाडीची गादी नव्हे, अकरा सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग. एवढी जागा फोममध्ये मिळत नाही. ती गादीच्या खाली, लोखंडात शोधावी लागते.

तिथे येते कात्री. सीटखालचा रबरी घडीचा पडदा वर केला की दोन बाजूंना फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या दिसतात. त्यांची एकेक टोकं खिळलेली आणि दुसरी टोकं रुळांवर सरकणारी. सीट वरखाली होते तेव्हा ही कात्री उघडते-मिटते, म्हणून गादी कुठल्या बाजूला न कलता सरळ खाली जाते. कात्रीला आडवी ताणलेली स्प्रिंग असते, किंवा हवेची पिशवी. सोबत तेल भरलेला छोटा शॉकअब. स्प्रिंग धक्का साठवते आणि शॉकअब तो जिरवतो. शॉकअब गळाला, की एका खड्ड्यानंतर माणूस तीन-चारदा उसळत राहतो. प्रवासाच्या वरच्या-खालच्या टोकाला रबराचे ठोकळे असतात. या यंत्रणेची खरी परीक्षा त्या ठोकळ्यांशी होते.

कारण कात्रीचा एकूण प्रवास असतो जेमतेम दहाएक सेंटीमीटर. माणूस बसल्यावर ती बरोबर मध्यावर थांबली पाहिजे, म्हणजे वर आणि खाली सारखी जागा उरते. एवढ्या प्रवासात अकरा सेंटीमीटरचं दबणं मावत नाही, म्हणून स्प्रिंग आधीच ताणून ठेवतात, आणि किती ताणायची ते वजनाच्या खटक्याने ठरवतात. खटका शंभर किलोवर आणि बसणारा पंचावन्न किलोचा असला तर सीट वरच अडकून राहते, दगडासारखी. उलट झालं तर ती तळाला टेकलेली असते आणि प्रत्येक खड्ड्यात ठोकळ्यावर आपटते. त्या आपटण्याचा दणका साध्या ताठ सीटपेक्षा वाईट असतो. शिफ्ट बदलते, ऑपरेटर बदलतो, खटका मात्र जिथल्या तिथे गंजलेला. महागडी सीट असूनही पाठ दुखण्याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि सर्वांत फुकटात सुटणारंही.

या सगळ्याचा उगम खोगीर शिवणाऱ्यांकडे जातो. घोड्यांशी या पट्ट्याचंही नातं आहे. बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं, असं गावात सांगतात: लांबून दौडत आलेल्या स्वारांनी इथे दमलेला घोडा सोडून ताजा घ्यायचा. सीटांचा धागा मात्र जर्मनीत सुरू होतो. तिथल्या आम्बेर्ग गावी १८८० साली विलिबाल्ड ग्रामर नावाच्या माणसाने खोगिरांचं दुकान काढलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याच घराण्यातून ट्रॅक्टरच्या सीटा बनू लागल्या, आणि आज ग्रामर हे कामाच्या यंत्रांच्या सीटांमधलं जगभर ओळखीचं नाव आहे. तमिळनाडूतल्या होसूरची हरिता सीटिंग पूर्वी हरिता ग्रामर या नावानेच चालत होती. खोगीर बनवणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, की बैठक जनावराच्या चालीला जुळली पाहिजे आणि स्वाराच्या अंगालाही. चाल बदलली, घोड्याची यंत्राची झाली, तरी सवाल तोच राहिला.

मधल्या काळात पत्र्याची सीट होती. जुन्या मॅसी फर्ग्युसनवर बसलेल्या कुणालाही ती आठवेल: दाबून वाडग्यासारखी केलेली, पाणी निथळायला भोकं पाडलेली, खाली पोलादाचा एक पाटा. घोड्यांनी ओढायच्या गवतकाप्या यंत्रांपासून चालत आलेला हा घाट होता. इटलीतल्या कास्तिल्योनी बंधूंना तो इतका देखणा वाटला, की १९५७ मध्ये त्यांनी ट्रॅक्टरच्या तशा सीटचं घरात ठेवायचं स्टूल केलं. मला त्या पत्र्याच्या सीटचा मान आहे. तिचा पाटा चांगलाच दबायचा, म्हणजे निम्मा प्रश्न तिने सोडवला होता. उसळी जिरवायला काही नव्हतं आणि पाठीला टेकू नव्हता, हा तिचा दोष.

टेकूचं शास्त्र उशिरा आलं. १९५३ मध्ये अमेरिकन शल्यविशारद जे. जे. कीगन यांनी वेगवेगळ्या स्थितींत माणसांच्या कमरेचे एक्स-रे काढले. मांडी आणि धड यांच्यातला कोन साधारण १३५ अंशांचा असताना कमरेचा बाक आपला नैसर्गिक आकार धरतो आणि काटकोनात बसलं की तो सपाट होतो, असं त्यांना दिसलं. पुढे स्वीडनच्या आल्फ नाखेम्सन यांनी मणक्याच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं राहताना तो शंभर धरला, तर ताठ बसल्यावर एकशे चाळीसच्या घरात गेला. १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजमापांत बसण्या-उभं राहण्यातला हा फरक तितका दिसला नाही, पण पाठ मागे टेकवली की दाब उतरतो, हे मात्र टिकलं. पाठ कलवता येणारी सीट ही म्हणूनच चैन नाही. दहा-पंधरा अंशांच्या कलण्याने धडाचा काही भार पाठीच्या टेक्याकडे जातो आणि मणक्यावरचा कमी होतो.

पण ऑपरेटरला १३५ अंशांत पहुडून काम करता येत नाही. बकेटचे दात दिसले पाहिजेत, लिव्हर हाताशी हवेत. जेसीबीत तर आणखी एक अडचण: पुढचं फावडं चालवून झालं, की सीट मागे फिरवून मागच्या बकेटने खणायचं. एकच सीट दोन कामांना पुरी पडली पाहिजे. टेका कलतो, पण लिव्हर जिथे होते तिथेच राहतात. मग माणूस पुढे सरकून, टेका सोडून, कुबड काढून बसतो. तसं पाहिलं तर सीट कुणी एकटी घडवू नये. पेडल, लिव्हर, खिडकीची कड, सगळं तिच्याबरोबर मांडायला हवं.

आणि अंग कुणाचं धरायचं? यंत्रं बहुतेक युरोपातल्या मापांवर बेतलेली. जमीन उकरणाऱ्या यंत्रांच्या सीटची कंपनचाचणी आयएसओ ७०९६ या मानकाप्रमाणे होते, आणि त्यात सीट दोन माणसांसह हलवून पाहतात: एक ५२ ते ५५ किलोचा, दुसरा ९८ ते १०३ किलोचा. आपल्याकडचे किती ऑपरेटर या पहिल्या टोकाजवळचे असतात, हे साइटवर उभं राहिलं की दिसतं. त्यांच्यासाठी सीट पुरेशी खाली यायला हवी, पुढेही सरकायला हवी आणि हलक्या वजनालाही नीट दबायला हवी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं. गुडघ्यामागची उंची, मांडीची लांबी, खांद्याची रुंदी, सगळं त्यात आहे. वाहनं तपासणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे. मापंही आहेत आणि तपासण्याची सोयही आहे. यंत्र विकत घेताना बकेट किती घनमीटरची हे विचारणारा मालक सीट किती किलोपासून चालते हे विचारत नाही, अडतं ते तिथे.

युरोपीय संघाने २००२ मध्ये अंगाला बसणाऱ्या हादऱ्याला कायद्याने मर्यादा घातली: आठ तासांच्या दिवसाची सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ ओलांडायचीच नाही. त्या आकड्यामुळे सीट ही खरेदीच्या कागदावर आली. बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीने तर २०१० मध्ये ट्रकचालकांसाठी विजेच्या मोटरने धक्क्याच्या उलट हलणारी सीट आणली. आपल्याकडच्या साइटवर ती केव्हा दिसेल हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. साधी कात्रीची सीट शेवटपर्यंत नीट चालली तरी पुष्कळ.

ती नीट चालवण्याची विद्या या पट्ट्यात विखुरलेली आहे. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पत्त्यात कॅम्पचे नंबर अजून आहेत. हातात काही नसताना त्या माणसांनी जे धंदे उभे केले, त्यात फर्निचरचा बाजार आज साऱ्या मुंबईला माहीत आहे. रेक्झिन ताणून शिवणं, कोपऱ्यात सुरकुती न ठेवता फोम बसवणं, हे इथल्या कारागिरांच्या बोटांत आहे. त्यांच्याकडे यंत्राची सीट गेली की ते सोफ्याचा न्याय लावतात: हाताने दाबून बघतात आणि आणखी मऊ फोम भरतात. सोफा जागचा हलत नाही, हा फरक त्यांना कुणी सांगितलेला नसतो. इथे फोम घट्ट आणि बेताच्या जाडीचा हवा, दाब मांड्यांवर पसरेल असा. मऊपणाचं काम खालच्या कात्रीचं.

आणि कात्रीचा दवाखाना अंबरनाथला आहे. १९५० च्या दशकात इथे आयुध कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. यातली दुसरी २०२१ पासून चिलखती वाहनांच्या सरकारी कंपनीत आहे. अशा कारखान्यांच्या गावात लेथवर हात बसलेली माणसं मिळतात. सीटची कात्री बिघडते ती ठरावीक जागी. पडदा फाटतो, चिखल आत जातो, रुळांवरची चाकं अडकतात. सांध्यातले बुश झिजतात आणि सीट एका अंगाला कलते. बुश कातून बसवणं, चाकं धुऊन वंगण घालणं, गळका शॉकअब बदलणं, पडदा नवा शिवणं, यांतलं एकही काम अवघड नाही.

शेवटी सीट यंत्रात परत बसवली की ऑपरेटरने, मालकाने किंवा मुकादमाने नव्हे, तिच्यावर बसून पाहायचं. पाय पेडलवर, पाठ टेक्याला, बूट चढवलेले, खिशात मोबाइल, जसा तो रोज असतो तसा. खटका स्वतःच्या वजनावर आणायचा. मग दुसऱ्याने खाली वाकून कात्री बघायची: वर किती उरलं, खाली किती. ती मध्यावर थांबली नसेल तर खटका आणखी फिरवायचा. थांबली, की उशी आणि पोतं काढून घ्यायचं आणि एकदा त्या काटई रस्त्यावर जाऊन यायचं.