कसला नवस बोललात, मॅडम?

सायकलवरून अमळनेरला जाणार, असे मी घरात जाहीर केले तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी एवढेच विचारले, "नवस कसला बोललीस?" दुसऱ्या दिवशी स्टाफ रूममध्ये तोच प्रश्न, फक्त हिंदीतून. आमच्या बऱ्हाणपुरात पायी शेगावला जाणारे पुष्कळ आहेत, मुक्ताईच्या दर्शनाला जाणारे आहेत, इच्छादेवीचा डोंगर चढणारे तर घरटी एक निघेल. पण पंचेचाळिशीची बाई, जिने बी.ए. झाल्यापासून सायकलला हात लावला नाही, ती दोन दिवसांत दीडशे किलोमीटर सायकल मारणार म्हणजे नक्कीच काहीतरी अडलेले असणार, असा सगळ्यांचा हिशोब होता.

अडले होते ते असे. आमच्या कॉलेजात खकनार, नेपानगरकडच्या खेड्यांतून मुली येतात. शाळेत असताना त्यांना सरकारी योजनेतली सायकल मिळते. कॉलेजात येईपर्यंत ती सायकल एक तर मोडलेली असते किंवा धाकट्या भावाच्या ताब्यात गेलेली असते. मग गावापासून बसच्या फाट्यापर्यंतचे चार-सहा किलोमीटर चालायचे. पावसाळ्यात दोन महिने चालते, मग हजेरी तुटते आणि दिवाळीनंतर ती मुलगी दिसेनाशी होते. मी इतिहास शिकवते. हजेरीपटावरची अशी गळालेली नावे बघण्याचा कंटाळा आला होता, हे खरे कारण.

पोस्टातून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले एक काका आहेत. तीस वर्षे त्यांनी सायकलवरून टपाल वाटले. कल्पना त्यांची. आपण चालवू तितक्या किलोमीटरमागे लोकांनी काही रुपये द्यायचे, त्यातून मुलींना सायकली घ्यायच्या. परदेशात असे फार चालते म्हणे. आमच्याकडे मात्र ते समजावून सांगताना तोंडाला फेस आला. एका कापडवाल्या शेटजींनी सरळ विचारले, "पैसे तर मी असेच देतो, त्यासाठी तुम्ही कशाला उन्हात मरता?" प्रश्न खोटा नव्हता. काकांनी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "तुम्ही वारीला जाता तेव्हा पांडुरंग सांगतो का पायी या म्हणून?" शेटजी हसले आणि त्यांनी दर किलोमीटरला पाच रुपये लिहिले. पण अट घातली : प्रत्येकाने जेवढे खरोखर चालवले तेवढ्याचेच.

तारीख ठरली 24 डिसेंबर 2023. रविवार होता आणि सोमवारी नाताळची सुट्टी. पण काकांच्या मनात तारीख आधीपासूनच पक्की होती, कारण 24 डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. ते 1899 साली कोकणात पालगडला जन्मले, पण आपल्या खानदेशाने त्यांना आपलेच मानले. आणि याच तारखेला, 1985 साली, बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून 'भारत जोडो' सायकल यात्रा सुरू केली होती.

'भारत जोडो' म्हटले की आज आपल्या जिल्ह्यात लोकांना नोव्हेंबर 2022 मधली पदयात्रा आठवते, कारण ती महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात आली ती आपल्याच बोदरली गावातून. पण हे नाव त्याआधी सदतीस वर्षे बाबांच्या यात्रेने रस्त्यावर आणले होते. पंजाब तेव्हा पेटलेला होता. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर निघाले आणि पाच हजारांहून अधिक किलोमीटर तुडवत 1986 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काश्मीरला पोचले. यात्रेच्या तिसऱ्या दिवशी बाबांना 71 वर्षे पूर्ण झाली. मणक्याच्या आजाराने त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. म्हणून पलंग टाकलेल्या गाडीतून ते पोरांच्या बरोबर गेले. एवढ्यावर थांबले नाहीत. 1988-89 मध्ये पुन्हा, या वेळी अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत, साडेसात हजार किलोमीटर. एका यात्रेने देश उभा जोडायचा, दुसऱ्या यात्रेने आडवा.

आता हे बाबा काही देवळात जाणारे नव्हेत. तरी 1990 साली त्यांना टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, जो तेव्हा धर्माच्या क्षेत्रातल्या कामासाठी देत. आणि त्याच वर्षी ते आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी, बडवानीजवळ कसरावदला येऊन राहिले, म्हणजे आपल्या निमाडातच. काका त्या काळात एकदा त्यांना लांबून बघून आले होते. बाबा काय बोलले ते त्यांना धड आठवत नाही. बाबा पूर्ण वेळ उभे होते, एवढे आठवते.

निघालो तेव्हा आम्ही चौदा जण होतो. आठ विद्यार्थी, त्यांत तीन मुली, एक बँकेतले, दोघे पॉवरलूमवर काम करणारे भाऊ, एक शिंपी, काका आणि मी. मागे सामानाचा छोटा टेम्पो. सासूबाईंनी सगळ्यांच्या सायकलींच्या हँडलला हळदकुंकू लावले आणि मला डब्यात दराबा दिला. लूमवरच्या दोघा भावांनी फज्रची नमाज उरकून येताना दर्ग्यावरून आणलेली खडीसाखर वाटली. ती खाऊन आणि मनात गजाननबाबांचे नाव घेऊन आम्ही अंकलेश्वर रस्त्याला लागलो. नवस नव्हता, पण हात जोडायला काही कमी केले नाही.

नियम एकच होता. सगळ्यांत हळू चालवणारा सगळ्यांत पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागे. टपालाच्या सायकलीवर तीस वर्षे काढलेल्या माणसाचे हे शहाणपण. वेगवान पोरे पुढे गेली की मागचा एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस पाय टेकतो. अर्थातच सगळ्यांत पुढे मी होते. माझ्या मागे तेरा जण चुळबुळत येत होते, ही गोष्ट पहिले दहा किलोमीटर फार अपमानाची वाटली.

चोरवडला सीमा ओलांडली. दुकानांच्या पाट्या हिंदीच्या मराठी झाल्या, केळीच्या बागा मात्र जशाच्या तशा. उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला कुठेतरी नदी, जी बऱ्हाणपुरात ताप्ती असते आणि रावेरला पोचेपर्यंत तापी होते. माझ्या शेजारून चालवणारी एक विद्यार्थिनी कोरकू घरातली. मराठी समजते, पण बोलते हिंदीत. सावद्याच्या अलीकडे तिने विचारले, "मैडम, ये गुरुजी कौन थे?" आम्ही वाढदिवस कोणाचा साजरा करतोय हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. इतिहासाच्या बाईला लाज वाटावी असाच प्रसंग.

उत्तर द्यायला फैजपूर समोरच होते. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन इथे भरले, नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते. मुंबईहून तरुणांनी ज्योत पायी आणली होती. त्या अधिवेशनासाठी साने गुरुजी खानदेशात गावोगाव फिरले. हे सगळे मी तिला दम खात, तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. मग 1947 चे पंढरपूर सांगितले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले आणि मग 1 मे पासून उपवासाला बसले. दहा दिवसांनी मंदिर उघडण्याचे ठरले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उनको खुद तो अंदर जाने मिलता था न?" मी हो म्हटले. "फिर भी?" पुढचे एक-दोन किलोमीटर आम्ही गप्प चालवले.

रात्री यावलजवळ एका ओळखीच्यांच्या मळ्यावर मुक्काम केला. डिसेंबरातले खानदेशी भरीत, कळण्याची भाकरी आणि शेकोटी. या तिन्हींचे वर्णन करत बसले तर लेख संपेल. असो. जेवणानंतर तिनेच विषय काढला. ज्या सायकली आम्ही देणार होतो त्यांतली एक तिच्यासाठी होती. ती म्हणाली, तिला फुकटची सायकल नको. गावात सगळे विचारतील, कोणी दिली, का दिली. बँकवाल्यांना राग आला, "अगं, तुझ्यासाठीच तर पाय मोडतोय आम्ही." शिंपीदादा म्हणाले, देणाऱ्याने दिले तर घ्यावे, त्यात कमीपणा कसला. वाद वाढत गेला. मला स्वतःला आधी तिचेच चुकले असे वाटले, हे कबूल करते.

काका शेकोटीत काटक्या सारत बसले होते. दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, हे बाबा आयुष्यभर सांगत आले, असे ते म्हणाले. ज्यांची बोटे झडलेली त्या माणसांच्या हाताला बाबांनी माग आणि शेती दिली, भीक दिली नाही. मग आपण बऱ्हाणपूरवाल्यांनी, जिथे घरोघर माग चालतात, या पोरीला भीक का द्यावी? पुढे जे ठरले त्यात तिचाच वाटा मोठा. सायकल कोणाच्या नावाची नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी ती घ्यायची, तीन वर्षे चालवायची, पंक्चर आणि तेलपाणी स्वतःच्या खर्चाने करायचे, आणि पदवी झाली की पुढच्या मुलीला द्यायची. रात्री साडेअकराला तेरा जणांनी हात वर केले. लूमवरचा धाकटा भाऊ झोपला होता.

दुसरा दिवस माझा नव्हता. किनगाव, धानोरा गेले, अडावद गेले आणि माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. उतरले, चोळले, पुन्हा बसले, पुन्हा गोळा. तिसऱ्या वेळेला मी रस्त्याच्या कडेला बसूनच घेतले. पाठीमागे तेरा जण थांबलेले. कोणीही "चला, मॅडम" असे म्हणाले नाही, आणि त्याचाच मला अधिक त्रास झाला. मी मनातल्या मनात गजाननबाबांना सांगून पाहिले, गुरुजींना सांगून पाहिले. पोटरी ऐकेना. शेवटी मी टेम्पोत चढले.

टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून आपल्याच माणसांकडे बघत जाणे फार विचित्र असते. आता सगळ्यांत पुढे शिंपीदादा होते. रांग तशीच, वेग थोडा वाढलेला. माझी सायकल माझ्या पायाशी आडवी, तिचे पुढचे चाक खड्ड्याखड्ड्याला फिरत होते. शेटजींची अट आठवली आणि रडूच आले. चोपड्याच्या अलीकडे पाय सुटला तेव्हा मी उतरून पुन्हा रांगेच्या पुढे गेले. शिंपीदादांनी न बोलता जागा दिली.

चोपड्याला चहाच्या वेळी मी काकांना माझी शरम सांगितली. ते म्हणाले, "बाबा तर कन्याकुमारीपासून गाडीत झोपून गेले. त्यांनी यात्रा केली नाही असं म्हणतो का कोणी?" मला जरा धीर आला. तेवढ्यात त्यांनी खिशातली वही काढली आणि टेम्पोवाल्याला विचारले, "किती झालं रे मीटरवर?" माझ्या नावापुढे त्यांनी लिहिले : वजा 9.

तापी ओलांडताना पुलावर सगळे थांबलो. इथे आली म्हणजे तिने आपल्यापेक्षा लांबचा फेरा घेतला, असे एक पोरगा म्हणाला. दुपारी चारच्या सुमाराला अमळनेर. साहित्य संमेलन दीड महिन्यावर आलेले, गावात त्याचीच चर्चा. सुट्टीमुळे प्रताप हायस्कूल बंद होते. 1924 ते 1930 गुरुजी इथे शिक्षक होते, वसतिगृहातल्या पोरांसाठी रोज हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत, पोरांची अंथरुणे घालत, कपडे धूत. फाटकाबाहेर उभे राहून आम्ही त्यांची ती प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. मराठी शाळेत शिकलेल्या आम्हा चार-पाच जणांनाच ती येत होती. बाकीचे ओठ हलवत राहिले. तिने मला हळूच विचारले, "लिख के देंगे, मैडम?"

सायकली टेम्पोने आणि आम्ही भुसावळमार्गे रेल्वेने रात्री उशिरा घरी. सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवायला दिले आणि पुन्हा विचारले, "आता तरी सांग, काय मागितलंस?"

शेटजींनी हिशोब चोख मागितला आणि चोख दिला. माझ्या नऊ किलोमीटरचे पंचेचाळीस रुपये त्यांनी कापले. एकूण सात सायकली आल्या. त्यांतली एक जुलै 2025 मध्ये परत आली, मागचे चाक थोडे वाकडे, घंटी नवी. ती सध्या पहिल्या वर्षाला असलेल्या धुळकोटकडच्या मुलीकडे आहे. हँडलला कोणीतरी हळदकुंकू लावलेले होते. ते माझ्या घरातले नव्हते.