मानेतली सुई आणि हाताची भीती

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिला प्रश्न हाताचा येतो. ‘हात हलतील ना?’ त्यात भूलतज्ज्ञ सांगतात, नंतर दुखू नये म्हणून मानेत नर्व्ह ब्लॉक देऊ, आणि घरच्यांचं काळीज आणखी हलतं. संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल कुवैनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसापुढे तर आधीच पेच असतो : ऑपरेशन इथेच दुबई-शारजाकडे करायचं, की रजा टाकून पुण्या-मुंबईला जायचं? संमतीपत्र अरबी-इंग्रजीत असतं आणि सल्ला गावाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्या सल्ल्यात एक वाक्य हमखास असतं : ‘मानेत सुई घेऊ नको, लकवा मारेल.’

सुई नेमकी कुठे जाते ते आधी पाहू. मानेत ७ मणके आणि नसांच्या ८ जोड्या असतात. मणक्यांमधून बाहेर पडल्यावर प्रत्येक नसेला दोन फांद्या फुटतात. पुढची फांदी खांद्याकडे, हाताकडे जाते. मागची फांदी मानेच्या मागच्या स्नायूंत आणि कातडीत पसरते. मागून ऑपरेशन करताना जो ब्लॉक देतात, त्याचा रोख या मागच्या फांद्यांवर असतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक पाहत पाहत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये बधिर करणारं औषध सोडलं जातं. मज्जारज्जू हाडाच्या कमानीच्या आत असतो आणि सुई कमानीच्या बाहेर थांबते. छेद मधोमध असतो, म्हणून सुई दोन्ही बाजूंना द्यावी लागते. औषध मागच्या फांद्यांपाशी राहतं, म्हणूनच हाताची ताकद सहसा शाबूत राहते.

‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. औषध पातळ असतं, ते थोडं पुढे झिरपू शकतं आणि काही तास हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवू शकतो. अडचण अशी, की शुद्धीवर येताच सर्जनला मूठ आवळून, बोटं हलवून, पाय उचलून दाखवायचं असतं. हात हलला नाही तर तो औषधामुळे की नसेवर दाब आल्यामुळे, हे लगेच ठरवावं लागतं. म्हणून काही सर्जन ब्लॉकला नकार देतात, आणि तो नकार रास्त असतो. ब्लॉक द्यायचा की नाही, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी आधीच बोलून ठरवलेलं असावं. हे विचारायला रुग्णाने संकोचू नये.

दुसरा समज असा, की मानेचं ऑपरेशन म्हणजे सगळं सारखंच दुखणं. तसं मुळीच नाही. गळ्याच्या पुढून मणक्यांमधली गादी काढतात तेव्हा स्नायू फारसे कापावे लागत नाहीत, ते बाजूला सारून वाट काढली जाते. जखम त्या मानाने कमी दुखते. मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूच्या मागच्या कडेला दिलेला वरवरचा ब्लॉक तिथली कातडी बधिर करतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका बाजूला धरलेल्या असल्यामुळे गिळताना जे दुखतं, ते मात्र या ब्लॉकने थांबत नाही. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेत बसवला असेल, तर मानेपेक्षा कमरच जास्त ठणकू शकते. मागून केलेल्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी. तिथे साडेचार-पाच किलोचं डोकं तोलून धरणारे स्नायू हाडापासून सोडवावे लागतात, आणि पहिले दोन-तीन दिवस खरोखर कठीण जातात. ब्लॉकचा उपयोग तिथे अधिक. मणक्यालगतच्या स्नायूखाली औषध सोडण्याची ‘इरेक्टर स्पायनी प्लेन’ पद्धत २०१६ मध्ये प्रथम मांडली गेली, तीही छातीच्या दुखण्यासाठी. मानेसाठी अशा पद्धती नव्या आहेत, अभ्यास लहान आहेत. पण पहिल्या २४ तासांत अफूवर्गातली औषधं कमी लागतात, असं त्यांतून दिसतं.

लकव्याच्या भीतीत जो धोका कुणी बोलत नाही, तो श्वासाचा. श्वासपटल हलवणारी नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसांपासून बनते. पुढच्या फांद्यांजवळ खोलवर दिलेल्या ब्लॉकने ती काही तास बंद पडू शकते. म्हणून खोल ब्लॉक दोन्ही बाजूंना एकदम देणं टाळतात. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते भूलतज्ज्ञांना आधी सांगायलाच हवं. बधिर करणारं औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर कानात गुणगुणतं, जिभेला धातूची चव येते, पुढे झटकेही येऊ शकतात. असं क्वचित घडतं. त्यावरचा उपाय म्हणजे शिरेतून देण्याचं २० टक्के स्निग्ध द्रावण, आणि ते हाताशी ठेवूनच ब्लॉक द्यायचा असतो.

‘ब्लॉक घेतला म्हणजे मान बरी झाली’ हा घोळ नावामुळे होतो. पेन क्लिनिकमध्ये ज्यालाही ब्लॉक म्हणतात, ते स्टेरॉइडचं इंजेक्शन निराळं. ऑपरेशनचा ब्लॉक काही तासांचा सोबती, फार तर दिवसभराचा. पूर्ण भूल तरीही द्यावीच लागते.

ब्लॉक उतरतो बहुधा रात्री. दुखणं एकदम अंगावर येतं आणि आपली माणसं दात आवळून पडून राहतात; सहन करणं म्हणजे धीर, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण दुखण्याने माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही, आणि त्यातून छातीत कफ साठतो. बधिरपणा ओसरायच्या आधीच ठरलेली गोळी घ्यावी. गळ्याला सूज वाढली, आवाज बदलला, श्वास कोंडला, हातापायातली ताकद गेली, तर ‘ब्लॉकमुळे असेल’ म्हणत वाट पाहू नये. नर्सला तत्काळ बोलवावं.

राहिल्या गोळ्या. भारतात ऑपरेशन करून परतणाऱ्याच्या पिशवीत वेदनाशामक ट्रामाडॉल असू शकतं, नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन असू शकतं. भारतात ट्रामाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आलं. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीन, प्रीगाबालिन ही नियंत्रित औषधं आहेत. ती आणण्यासाठी प्रवासाआधी सरकारच्या ऑनलाइन सेवेतून परवानगी घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि डिस्चार्जचा कागदही जवळ लागतो. शेजाऱ्याने ‘आमच्यासाठीही एक पाकीट आण’ म्हटलं, तर स्पष्ट नाही म्हणावं. आणि ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सांगून ठेवावं, ‘मी अमुक तारखेला शारजाच्या विमानाने परत जाणार आहे.’ औषधांची निवड ते त्यानुसार करू शकतात.