शेण एक, उपयोग दोन

पहाटे शेतकऱ्याच्या घरी पहिले काम गोठ्यातले. गोळा केलेल्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात. गोवरी जळाली की उष्णता मिळते. पण शेणातील बराचसा नायट्रोजन धुराबरोबर हवेत जातो. शेताचा घास चुलीत जातो आणि धूर स्वयंपाक करणाऱ्या आईच्या फुप्फुसांत!

मग शेण जाळावे की शेतात घालावे? गोबरगॅसमुळे दोन्ही साधते. शेण व पाणी समप्रमाणात कालवून बंद टाकीत सोडतात. तेथे हवेशिवाय जगणारे जीवाणू शेणातील सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. त्यातून निघणाऱ्या वायूत सुमारे ६० टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायॉक्साइड. मिथेन निळ्या ज्योतीने, धुराविना जळतो. नायट्रोजन मात्र टाकीतून बाहेर पडणाऱ्या मळीत राहतो. ती शेतात घालावी.

आता हिशेब पाहा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. पाच मोठ्या जनावरांचे रोजचे ५० किलो शेण धरले, तर २,००० लिटर, म्हणजे २ घनमीटर. लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो. थंडीत जीवाणू मंदावतात, म्हणून वायू कमी मिळतो.

एक पथ्य मात्र पाळावे. वायू गळू देऊ नये. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

तुमच्या गोठ्यात किती जनावरे आहेत? उद्या पहाटे शेण तोलून पाहा आणि गणित मांडा.