निद्रेतील प्रकाशचिकित्सा आणि मधुमेहींची दृष्टी

आमच्या चिकित्सालयात मध्यंतरी एक मधुमेही गृहस्थ आले. इंग्लंडमधील चिरंजीवांनी त्यांना झोपताना डोळ्यांवर बांधावयाच्या प्रकाशपट्टीची माहिती पाठविली होती. "वैद्यराज, ही मागवू का?" असा त्यांचा प्रश्न. औषधविक्रेत्यांनाही असे प्रश्न येत असतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

या पट्टीमागील कल्पना लंडनचे शास्त्रज्ञ जेफ्री आर्डेन यांची. दृष्टिपटलातील दंडाकार पेशींना प्रकाशापेक्षा अंधारात अधिक प्राणवायू लागतो. मधुमेहात सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच क्षीण झालेल्या असतात. त्यामुळे रात्री पुरवठा अपुरा पडतो व वाहिन्या पाझरू लागतात, असा त्यांचा तर्क. मिटलेल्या पापण्यांतून मंद हिरवट प्रकाश आत गेला, तर ही मागणी घटेल. दंडाकार पेशी नष्ट करणारा रातांधळेपणाचा आनुवंशिक विकार असलेल्या मधुमेहींत दृष्टिपटलविकार क्वचितच आढळतो, हे निरीक्षण त्यांनी 2001 मध्ये मांडले होते. तर्क सुंदर आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

आरंभीचे छोटे प्रयोग आशादायक ठरले. पुढे ब्रिटनमधील 15 नेत्रकेंद्रांत 308 रुग्णांवर दोन वर्षे मोठी चाचणी झाली. निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. पीतबिंदूच्या मध्याबाहेरील सूज प्रकाशपट्टीने बिनप्रकाशाच्या पट्टीपेक्षा अधिक उतरली नाही. पट्टी नियमित बांधणारेही थोडेच. काहींची झोप मोडली, काहींचे डोळे चुरचुरले. बांधली असती तर गुण आला असता, असे कोणी म्हणेल. परंतु रुग्णाला पाळता न येणारे पथ्य कागदावरच राहते, हे आपणां वैद्यांस का सांगावयास हवे? शिवाय निद्रा हा आपल्याकडे त्रयोपस्तंभांपैकी एक. ती मोडून करावयाच्या उपचारास पुरावा भक्कमच हवा.

येथे स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका मधुमेही भगिनींच्या धूसर दृष्टीवर आम्ही तिमिर समजून त्रिफळाघृत दिले, नेत्रतर्पण केले. त्यांना बरे वाटत होते, म्हणून आम्हीही निश्चिंत राहिलो. दृष्टिपटल मात्र कोणी पाहिलेच नव्हते. एका सकाळी डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी फारशी परतली नाही. हा विकार आरंभी दुखत नाही, खुपत नाही. वेळीच लेसर वा डोळ्यातील इंजेक्शने मिळाली तर बरीच दृष्टी वाचते. रक्तशर्करेच्या काटेकोर नियंत्रणाचे महत्त्व तर 1993 च्या अमेरिकेतील चाचणीने निर्विवाद सिद्ध केले आहे.

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर 'बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासणी : दिनांक' अशी ओळ छापलेली असते. ती कोरी असेल तर नेत्ररोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिल्याशिवाय आम्ही नेत्रौषध लिहीत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर डोळ्यांचे थेंब मागणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनीही हाच प्रश्न विचारावा, अशी विनंती आहे.

त्या गृहस्थांची ओळ कोरीच होती. पट्टीचा विषय बाजूला ठेवून आम्ही त्यांना प्रथम चिठ्ठी दिली.