छोट्या हान्सचा घोडा

१९०८ साली व्हिएन्नातला जेमतेम पाच वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर यायलाच तयार होईना. घोडा चावेल, ही त्याची धास्ती. आणि त्या काळात घोडा टाळायचा म्हणजे घरातच बसायचं. संगीतसमीक्षक असलेले त्याचे वडील, माक्स ग्राफ, मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या वर्तुळातले. ते पोराला खोदून खोदून प्रश्न विचारत, टिपणं काढत आणि फ्रॉइडकडे पाठवत. उपचारासाठी म्हणून फ्रॉइडनं मुलाला पाहिलं ते एकदाच.

त्या भेटीत घोड्याच्या डोळ्यांवरची झापडं म्हणजे बाबांचा चष्मा आणि तोंडाभोवतीचा काळा पट्टा म्हणजे बाबांची मिशी असा उलगडा झाला. आई तुला हवीशी वाटते म्हणून तू बाबांना भितोस, असं फ्रॉइडनं त्याला समजावलं. परतताना पोरानं वडिलांना विचारलं, की प्रोफेसर देवाशी बोलतात का? नाहीतर त्यांना हे आधीच कसं कळलं?

समीक्षकांना हीच शंका पुढे अनेक दशकं पुरली.

१९०९ मध्ये या मुलाची हकिगत सांगणारा फ्रॉइडचा लेख प्रसिद्ध झाला; त्यातला मुलगा म्हणजे ‘छोटा हान्स’. बऱ्याच गोष्टी मुलाला आपणच सांगाव्या लागल्या, ही कबुली त्यात खुद्द फ्रॉइडनं दिली आहे. १९२२ मध्ये ठणठणीत तरुण हान्स फ्रॉइडला भेटला, तेव्हा त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं. वर्तनोपचाराचे पुरस्कर्ते वोल्पे आणि रॅकमन यांनी १९६० मध्ये साधंच कारण पुढे केलं: बसचा घोडा कोसळून पाय झाडताना मुलानं पाहिला होता. बालमानसतज्ज्ञ जॉन बोल्बीला दिसली ती, सोडून जाईन अशी धमकी देणारी आई. केस एक, अर्थ तीन. निवाडा करायला टिपणं अपुरी.

मनोविश्लेषणाचा सिद्धांत कधी खोटा ठरूच शकत नाही, ही तत्त्वज्ञ कार्ल पॉपरची तक्रार प्रसिद्ध आहे. १९८४ मध्ये तत्त्वज्ञ अडॉल्फ ग्रुनबाउमनं मांडलेला आक्षेप मात्र जास्त अचूक वाटतो: दावे तपासता येतात, पण रुग्ण कोचावर पडून सांगतो तो पुरावा विश्लेषकाच्याच सूचनांनी भेसळलेला असतो.

म्हणून सगळंच मोडीत काढायचं का? बोल्बी स्वतः मनोविश्लेषकच होता. पण तो मुलांच्या थेट निरीक्षणावर अडून बसला. त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याच्या १९५२ च्या चित्रपटात रुग्णालयात एकटी राहिलेली दोन वर्षांची मुलगी दिसते. रडू दाबते, हळूहळू मिटत जाते. अनेक डॉक्टर चिडले. तरी १९५९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी समितीनं, पालकांना मुलांना भेटायला मोकळीक द्या, अशी शिफारस केली.

उपचारांचा हिशेब वेगळा. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलरनं आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन, मनोविश्लेषणाच्या परंपरेतल्या उपचारांचा गुण इतर पद्धतींच्या तोडीचा असल्याचं मांडलं. त्यावरही वाद झाले. आणि रुग्णाला बरं वाटलं, एवढ्यावरून ईडिपस गंड, म्हणजे आईची ओढ आणि बाबांची भीती हा फ्रॉइडचा उलगडा, काही सिद्ध होत नाही.