खऱ्याखोट्याचा निवाडा कोणीं करावा?

१९१० सालच्या छापखान्यांच्या कायद्याची आठवण आज फारशी कोणास उरलेली नाहीं. त्या कायद्यान्वयें सरकारास छापखान्याच्या मालकाकडून जामिनकी घेतां येत असे, आणि आक्षेपार्ह मजकूर छापला गेल्यास ती जप्त करतां येत असे. लेखकाला हातही लावण्याचें कारण पडत नसे. मालकच हस्तलिखित परत करी. पोटाची काळजी असलेल्या माणसाकडून दुसरें काय घडणार!

इंटरनेटवरील लिखाणासंबंधीं अलीकडे जे खटले झाले त्यांचें मर्म याच जागीं आहे. फेसबुक, यूट्यूब, एक्स यांसारख्या कंपन्या मुख्यतः दुसऱ्यांचा मजकूर वाहून नेतात. म्हणून २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमानें त्यांस एक संरक्षण दिलें आहे: ठरवून दिलेले नियम पाळले तर परक्याच्या मजकुराबद्दल त्यांना जबाबदार धरलें जात नाहीं. या संरक्षणावरच त्यांचा सारा धंदा उभा आहे.

६ एप्रिल २०२३ रोजीं केंद्र सरकारनें या नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयींचा कोणता मजकूर बनावट, खोटा अथवा दिशाभूल करणारा आहे हें सरकारनेंच नेमलेल्या तथ्य-तपासणी विभागानें ठरवावयाचें, आणि तसा मजकूर राहूं नये म्हणून कंपन्यांनीं यथायोग्य प्रयत्न करावयाचे, असा तिचा आशय. न केल्यास ७९ व्या कलमाचें छत्र जाण्याचें भय. म्हणजे ज्याच्या कारभाराची चर्चा व्हावयाची, पंचही त्यानेंच नेमावयाचा!

विनोदी कार्यक्रम करणारे कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांची संघटना यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. ३१ जानेवारी २०२४ रोजीं दोघां न्यायमूर्तींचीं मतें भिन्न पडलीं. विभाग सरकारनें नेमला एवढ्यावरून पक्षपात गृहीत धरतां येत नाहीं, असें न्या. नीला गोखले यांचें मत पडलें. खोट्या बातम्यांनीं अपाय होतो हें खरेंच असल्यामुळें हें मत उडवून लावण्यासारखें नव्हे. परंतु वर्तमानपत्रांतील तेंच वाक्य निर्वेध राहावें आणि इंटरनेटवर येतांच संशयित व्हावें, हा भेद न्या. गौतम पटेल यांस मान्य झाला नाहीं. आणि तो मान्य होण्याजोगा नाहींच.

२० मार्च २०२४ रोजीं सरकारनें विभाग जाहीर केला. दुसऱ्याच दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली. प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांजकडे सोपविलें होतें. त्यांनीं २० सप्टेंबर २०२४ रोजीं नियम घटनाबाह्य ठरविला. भाषणस्वातंत्र्याबरोबर व्यवसायस्वातंत्र्याचाही त्यांनीं त्यांत भंग मानला, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. कंपनी व्यापारी आहे. संरक्षण गमावण्यापेक्षां ती मजकूरच काढून टाकील, आणि लिहिणारास आपलें म्हणणें मांडण्याची संधिही मिळणार नाहीं.

बंगळूरास मात्र निराळें घडलें. सरकारी अधिकारी ‘सहयोग’ नांवाच्या यंत्रणेद्वारें मजकूर काढण्याच्या सूचना कंपन्यांस धाडतात. त्याविरुद्ध एक्स कंपनीनें केलेला अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयानें २४ सप्टेंबर २०२५ रोजीं फेटाळला. भाषणस्वातंत्र्याचें १९ वें कलम नागरिकांसाठीं आहे. परदेशी कंपनीस त्याचा आधार घेतां येत नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. मुंबईस नागरिक स्वतः फिर्याद घेऊन उभे होते. बंगळुरास जिचा धंदा तीच उभी होती, आणि ज्यांचे शब्द पुसले जावयाचे ते लोक फिर्यादींत नव्हते.

त्यानंतर नियम दोन्ही बाजूंनीं हलले. १५ नोव्हेंबर २०२५ पासून मजकूर काढण्याची सूचना देणारा सरकारी अधिकारी निदान सहसचिवाच्या दर्जाचा, आणि पोलीस खात्यांतील असल्यास उपमहानिरीक्षकाच्या दर्जाचा, असावा असें ठरलें. फेब्रुवारी २०२६ मध्यें मात्र आज्ञा पाळण्याची छत्तीस तासांची मुदत तीन तासांवर आणली गेली. एवढ्या अवधींत वकिलाचा सल्लाही पुरता घेऊन होत नाहीं.